डोंगरावरची वाट का झिजते?

सुमारे ८०० मीटर उंचीच्या माथेरानच्या वाटा तांबड्या जांभ्या मातीच्या आहेत. पावसाचे पाणी उतारावरून धावू लागले की त्याची गतिज ऊर्जा वाढते. वेग दुप्पट झाला, तर ऊर्जा चौपट होते! हे पाणी मातीचे कण सहज वाहून नेते. चाकांनी माती मोकळी झाली असेल, तर झीज अधिकच होते. गवत व मुळे मात्र पाण्याचा वेग रोखतात.

१९७९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या स्वयंसेवी संस्थेने माथेरानच्या रक्षणासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. पर्यटकांच्या खासगी मोटारी आजही दस्तुरी नाक्यालाच थांबतात.

आपल्या यवतमाळच्या टेकड्या काळ्या बेसाल्टच्या. पण नियम तोच. दोन उथळ खोक्यांत माती भरा. एकात गहू पेरून दहा दिवस वाढू द्या. मग दोन्ही खोकी सारखीच कलती ठेवून झारीने सारखेच पाणी घाला. कोणत्या खोक्यातून गढूळ पाणी येते? शाळेजवळच्या टेकडीवरचे गवत का राखावे, याचे उत्तर तेथेच मिळेल.