औषधास स्निग्ध कवच

मुचकुंदी नदी समुद्रास मिळते तेथे पूर्णगडचा किल्ला उभा आहे. होडीतून नेलेला माल वाटेत भिजू नये, सांडू नये आणि योग्य धक्क्यावरच उतरावा, ही काळजी खाडीकाठच्या लोकांना परिचित आहे. औषधाच्या बाबतीतही अशीच काळजी घ्यावी लागते. शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर सर्वत्र फिरते व रोगाबरोबर निरोगी अवयवांनाही इजा करू शकते.

यावरील एक उपाय म्हणजे लायपोसोम. अंडी व सोयाबीन यांत आढळणाऱ्या लेसिथिनसारख्या स्निग्ध द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर दुसरे पाणी टाळते. त्यामुळे पाण्यात हे रेणू दुहेरी भिंतीचे पोकळ गोळे बनवितात. ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात त्यांचे स्वरूप उलगडले. औषधासाठी वापरले जाणारे काही गोळे १०० नॅनोमीटरहूनही लहान असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग होय.

अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरील प्रभावी औषध. परंतु ते मूत्रपिंडास अपायकारक ठरते. लायपोसोमच्या भिंतीत ते धरून ठेवले असता मूत्रपिंडास होणारी इजा पुष्कळ कमी होते. साध्या स्वरूपात दर किलो वजनामागे रोज सुमारे १ मिलिग्रॅम देणे शक्य होते. म्युकरमायकोसिसमध्ये लायपोसोमच्या रूपात सामान्यतः ५ मिलिग्रॅम देता येते. तथापि धोका पूर्णपणे टळत नाही. रक्ततपासणी चालू ठेवावी लागते.

या कार्यात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. निलिमा क्षीरसागर यांनी, दिल्ली विद्यापीठातील डॉ. बिमल कुमार बच्छावत यांच्या सहकार्याने, या औषधाचे देशी लायपोसोमल रूप रुग्णांपर्यंत आणले. प्रयोगशाळेतील काम खाटेवरील रुग्णाच्या उपयोगी पडल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्याचे महत्त्व २०२१ मध्ये सर्वांना पटले. कोविडनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, या औषधाचा तुटवडा पडला आणि राज्य शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मोफत उपचारांची सोय केली.

मात्र कवच कितीही चांगले असले तरी उशीर भरून काढू शकत नाही. या रोगात मृत ऊतींवर शस्त्रक्रियाही लागते. मधुमेही व्यक्तीच्या चेहऱ्याची एक बाजू सुजणे वा दुखणे, नाकातून काळपट स्राव येणे, दात हलू लागणे, एकाची दोन चित्रे दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपचारांत दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी रत्नागिरीस तज्ज्ञांकडे न्यावे. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हा प्रतिबंधाचा पाया आहे.

आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, अशी औषधे वेष्टनावरील सूचनेनुसारच साठवावीत. गोठल्यास स्निग्ध कवच फुटू शकते. ग्रामसभेत व शाळेत ही लक्षणे वाचून दाखविल्यास एखाद्याची दृष्टी, कदाचित प्राणही, वाचेल.