रानटर्कीची पिल्ले आणि आवाक्यातील कीटक

टर्कीपालन करणाऱ्यांना ठाऊक असते की, पहिल्या चार आठवड्यांच्या खाद्यात सुमारे २८ टक्के प्रथिने लागतात. उत्तर अमेरिकेतील रानटर्कीच्या पिल्लांना ती गोणीतून मिळत नाहीत. नाकतोडे, भुंगेरे, तुडतुडे, अळ्या व कोळी टिपून मिळवावी लागतात. प्रौढ पक्षी बिया, फळे व पाल्यावरही निभावतो. पिल्लाचे तसे नाही.

त्याला घाई असते ती पिसांची. पिसे केराटिन या प्रथिनाची बनतात. सुमारे दोन आठवड्यांचे होईपर्यंत पिल्लू झाडावरील रातथाऱ्यापर्यंत उडू शकत नाही. तोवर रात्र जमिनीवर, मादीच्या पंखांखाली काढते. निम्म्याहून अधिक पिल्ले बहुधा याच काळात दगावतात. नोंद शिकारी प्राण्यांच्या नावावर होते, आणि ती खोटीही नसते. परंतु कीटक विरळ असल्यास पिल्लांना अधिक भटकावे लागते, वाढ मंदावते आणि जमिनीवरील धोक्याच्या रात्री वाढतात. थंड पाऊस लागला तर दुहेरी हानी होते: कीटक मंदावतात आणि ऊब घेण्यातच पिल्लांचा चरण्याचा वेळ जातो.

तथापि केवळ कीटकांची संख्या पुरेशी नाही; ते चोचीच्या आवाक्यात हवेत. फेस्क्यूसारख्या दाट, गादीसारख्या गवतात पिल्लाला चालताच येत नाही. तासून स्वच्छ केलेल्या जमिनीवर ना कीटक, ना लपण. उपयुक्त ठरते ते रुंद पानांच्या वनस्पतींचे क्षेत्र: वर पानांचे छत, खाली मोकळी माती. म्हणूनच तेथे गवताळ पट्ट्यांत व विरळ जंगलात आळीपाळीने नियंत्रित आग लावतात किंवा हलकी कुळवणी करतात. सरसकट तणनाशक मारल्यास कीटकांना पोसणाऱ्या वनस्पतीच नाहीशा होतात. हे कीटकनाशकाइतके डोळ्यांवर येत नाही, म्हणून दुर्लक्षित राहते.

आपल्याकडील तित्तिराची पिल्लेही सुरुवातीस कीटकांवरच वाढतात. बांधावरील रुंदपानी तणांकडे त्या दृष्टीनेही पाहावे. पाहणी करताना कीटक पकडण्याची जाळी वरच्या पानांवरून फिरते, पिल्लाची चोच त्याखाली असते. त्यामुळे जाळी भरली तरी एकदा गुडघे टेकून, जमिनीपासून वीतभर उंचीवरून पट्टा न्याहाळावा. झाडोऱ्याच्या बुंध्यांमधून हातभर पुढचे दिसत नसेल, तर पिल्लालाही तेथून वाट नाही.