सातव्या दिवसाची भेट

तलाठ्याच्या नोकरीत तीस वर्षे दुसऱ्यांच्या नोंदी मुदतीत व्हाव्यात म्हणून मी आग्रह धरला. पण थोरल्या मुलीच्या बाळंतपणात, मसुऱ्यातील माझ्याच दारी नोंद घेण्यासाठी जी स्त्री भर उन्हातून चालत आली, तिला मी खळ्यातूनच माघारी पाठविले, आणि ते शल्य अजून मनात सलते म्हणून हे लिहावयास बसलो आहे.

मुलगी पहिलटकरीण. रुग्णालयात सुखरूप मोकळी होऊन तिसऱ्या दिवशी ती घरी आली, तेव्हा घोर संपला असे समजून आम्ही बाळंतिणीची खोली रिवाजाप्रमाणे सिद्ध केली: खिडक्या बंद, शेगडी, धुरी, पिण्याचे पाणी मोजके आणि बारशापर्यंत बाहेरच्या माणसास मज्जाव. सहाव्या दिवशी सायंकाळी तिला ताप भरला. वडीलधाऱ्या स्त्रियांनी तो दूध भरून आल्याचा ठरविला, आणि कागद पाहिल्यावाचून कधी फेरफार न लिहिणाऱ्या मी थर्मामीटरही न लावता ते ग्राह्य धरले. सातव्या दिवशी आशाताई, म्हणजे सरकारने नेमलेली गावची 'आशा' आरोग्यसेविका, गृहभेटीस आली, गावचीच सून. तिला मी म्हटले, "निजली हा गो ती, बारश्यानंतर ये." आठव्या रात्री हुडहुडी, ओटीपोटात असह्य कळा, स्रावाला दुर्गंधी आणि असंबद्ध बोलणे सुरू झाले. १०८ क्रमांकाच्या गाडीने ओरोसचे रुग्णालय गाठले, तेव्हा गर्भाशयात जंतुसंसर्ग झाल्याचे निदान झाले. ताप केव्हापासून आहे, एवढेच डॉक्टरांनी विचारले, आणि उत्तर देताना माझी मान वर होईना.

माझ्या आईच्या काळी सुईण सव्वा महिना रोज तेल लावावयास येई. तिच्या अज्ञानापायी कित्येक जीव गेले हे मला ठाऊक आहे. तथापि अंगावरून रोज फिरणाऱ्या त्या हाताला ताप, सूज, पोटाचा कठीणपणा न सांगता कळत असे. प्रसूती रुग्णालयात गेली, सुईण सुटली, आणि तिच्या जागी जी शिकलेली बाई सरकारने धाडली तिला आम्ही उंबरठा ओलांडू दिला नाही. त्यामुळे ज्या सहा आठवड्यांत बाळंतिणीवर कोणाची तरी जाणती नजर हवी, त्यांतच ती एकटी पडली.

आशांच्या या गृहभेटींचे मूळ आपल्याच राज्यात, गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना शिकवून ३९ गावांत घरोघर नवजात बालकांची देखभाल केली, आणि दरहजारी ६२ असलेले नवजातमृत्यूंचे प्रमाण काही वर्षांत २५ वर उतरले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले व २०११ पासून तीच रीत देशभर आशांकडे सोपविण्यात आली. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी, आणि घरी झाली असल्यास पहिल्या दिवशीही, आशाताईने यावयाचे असते.

या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयात आजच मांडून ठेवा, आणि ती बाळाचे वजन करून निघू लागली तर बाळंतिणीचीही चौकशी करावयास सांगा. ताप १००.४ अंशांवर गेला, तासाभरात घडी भिजून गेली, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, आकडी आली किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर वडीलधाऱ्यांच्या संमतीची वाट न पाहता गाडी बोलवा. खिडकी उघडी ठेवा. पाणी मागेल तितके द्या. सारखी रडत असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, तर तेही दुखणेच आहे. त्याला नखरे म्हणू नका.

तेराव्या दिवशी मुलगी घरी परतली. चौदाव्या दिवशी आशाताई पुन्हा आली. मनात किंतु न धरता आली. मी स्वतः खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. आत शिरण्यापूर्वी तिने हात धुण्यासाठी साबण मागितला.