जुन्या ट्रकमधील वातानुकूलन यंत्रणा : गॅस भरण्यापूर्वी गळती शोधा

शेतीमाल दूरच्या बाजारपेठेत नेण्यासाठी अनेक बागायतदार जुना ट्रक किंवा पिकअप वापरतात. उन्हाळ्यात केबिनमध्ये थंड हवा येईनाशी झाली, की चालक उकाड्याने थकतो व अपघाताचा धोका वाढतो. अशा वेळी ‘गॅस संपला’ असे समजून दरवर्षी गॅस भरला जातो. परंतु हा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. तो वर्षभरातच कमी झाला तर कोठेतरी गळती आहे, असे समजावे.

यंत्रणेचे कार्य : कॉम्प्रेसर गॅस दाबतो. रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. पुढे झडपेतून दाब कमी होऊन तो केबिनमधील कूलिंग कॉइलमध्ये येतो. तेथे त्याची पुन्हा वाफ होताना केबिनमधील उष्णता शोषली जाते.

घरच्या घरी तपासणी (इंजिन बंद व थंड असताना) :

१) कंडेन्सरच्या पात्यांत धूळ व भुसकट साचले असल्यास पाण्याच्या हलक्या धारेने धुवावे. जोराच्या धारेने पाती वाकतात.

२) कॉम्प्रेसरचा पट्टा सैल किंवा चिरलेला नाही ना, ते पाहावे.

३) फ्यूज व केबिनमधील हवेची जाळी तपासावी.

४) नळ्यांचे सांधे व कॉम्प्रेसरचा पुढील भाग पाहावा. गॅसबरोबर तेलही झिरपते. त्यामुळे धूळ चिकटलेला तेलकट डाग ही गळतीची खूण होय. तेथे साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे येतात. अगदी बारीक गळती मात्र यंत्रानेच सापडते.

कारागिराकडून करून घ्यावयाची कामे : गळका सांधा, रबरी कडी किंवा नळी बदलावी. यंत्रणा उघडल्यावर ड्रायरही बदलावा. त्यानंतर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवावा. आत ओलावा राहिल्यास झडपेत बर्फ धरतो व भाग गंजतात. गॅस अंदाजाने न भरता बॉनेटखालील पट्टीवर दिलेल्या वजनाइतकाच भरावा. जादा गॅसनेही थंडावा कमी होतो.

दक्षता : फार जुन्या गाड्यांत आर-१२ गॅस असे. ओझोन थराला घातक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो बंद करण्यात आला. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. हे दोन गॅस एकत्र करू नयेत. दोहोंचे तेलही वेगळे असते. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस मुळीच भरू नये. तो केबिनमध्ये झिरपल्यास ठिणगीने पेट घेतो. आर-१३४ए उघड्यावर उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याचा फवारा डोळ्यांत गेल्यास इजा होते. म्हणून नळ्या स्वतः सोडू नयेत.

बिलावर गळती कोठे होती व किती ग्रॅम गॅस भरला, हे लिहून घ्यावे. पुढील हंगामात थंडावा कमी झाल्यास ही नोंद उपयोगी पडेल.