सोसायटीची रोषणाई आणि पावसाळी चतुर्थी

प्रश्न : बांद्यातील आमच्या इमारतीत चतुर्थीला सामायिक मीटरवरून रोषणाई करायला काही सदस्य वाढीव बिलामुळे विरोध करतात. काय करावे?

उत्तर : बिलाची भीती आकडेमोडीत टिकत नाही. 10 वॅटच्या 20 एलईडी माळा रोज 6 तास लावल्या तर 1.2 युनिट, म्हणजे दहा दिवसांत 12 युनिट वीज लागते. खरी काळजी पावसाची. भाद्रपदात तेरेखोलच्या काठी सरी थांबलेल्या नसतात, आणि लोखंडी कठड्याला गुंडाळलेल्या माळेचा एकच ओला जोड अख्ख्या कठड्यात वीज उतरवू शकतो. एमसीबी आहे ना, असे कुणी म्हणेल. पण ती जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखते, माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा प्रवाह नव्हे. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीच हवी. पावसात ती सारखी पडते म्हणून तिला वगळून जोडणी करतात, हे मला अक्षम्य वाटते. ती पडते, कारण कुठेतरी गळती असते. म्हणूनच सामायिक मीटर बरा : घराघरांतून लोंबणाऱ्या वायरींपेक्षा परवानाधारक वायरमनने केलेली एकच जोडणी तपासणे सोपे. माळा बाहेरच्या वापराच्या, आयपी65 दर्जाच्या घ्या आणि जोड छपराखाली ठेवा.