जपानी रेंजफाइंडर घेताना, उघडताना

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही. शेजारच्या छोट्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकट असते, तिच्यात समोरची वस्तू दुहेरी दिसते. फोकसची रिंग फिरवत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवायच्या, बसल्या की फोकस झाला. साठ-सत्तरच्या दशकांत जपानी कंपन्यांनी असे कॅमेरे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले: कॅनॉनचा कॅनोनेट, मिनोल्टाचा हाय-मॅटिक, ऑलिंपसचा ३५ एसपी आणि १९६६ सालापासून यशिकाचा इलेक्ट्रो ३५. आखातात नोकरीला गेलेल्या काका-मामांच्या सामानातून यशिका आपल्याकडेही भरपूर आले. माझा इलेक्ट्रो ३५ जीएसएन पुण्याच्या जुन्या बाजारातला. त्याच्यावर आणि नंतर हाताशी आलेल्या त्याच्या भाऊबंदांवर काम करताना जे पटत गेलं, ते इथे लिहितो.

१. जे दुरुस्त होत नाही, त्याचेच पैसे मोजा.

चामडं सोललेलं असेल, कोपरा चेपलेला असेल, मागच्या दाराचा फोम विरघळला असेल, तर घासाघीस करा, पण कॅमेरा सोडू नका. ही सगळी कामं घरी होतात. लेन्सच्या काचेवर बुरशीने कोरलेली नक्षी, आतल्या अर्धपारदर्शक आरशाचा उडालेला मुलामा आणि इलेक्ट्रो ३५ च्या बाबतीत मेलेलं सर्किट, या तिन्हींवर साधा इलाज नाही. नव्यासारखा चकाकणारा पण आतून गेलेला कॅमेरा शोकेसमध्ये शोभतो. मला फोटो काढायचे असतात.

२. बाजारात जाताना खिशात टॉर्च आणि सेल ठेवा.

इलेक्ट्रो ३५ सेलशिवायही 'खट्' करून उघडतो आणि विकणारा सांगतो, 'बघा साहेब, चालू आहे.' पण सेल नसताना हा कॅमेरा फक्त १/५०० सेकंदाच्या वेगावर चालतो, त्यामुळे त्या 'खट्'वरून काहीच कळत नाही. सेल घाला, तपासणीचं बटण दाबून दिवा लागतो का बघा. मग छिद्र एफ/१६ वर ठेवून सावलीत शटरचं बटण हलकं दाबा. पिवळा दिवा लागला पाहिजे, म्हणजे उजेड कमी, वेग मंद. छिद्र एफ/१.७ पर्यंत उघडून कॅमेरा उन्हाकडे वळवा. आता लाल लागला पाहिजे.

सगळ्यात बोलकी परीक्षा मात्र पुढची. मागचं दार उघडा, रोल नाही याची खात्री करा आणि पुढच्या बाजूच्या प्रकाशमापकाच्या खिडकीवर बोट दाबून शटर सोडा, बटण धरूनच ठेवा. पाती उघडी राहतील, लेन्समधून पलीकडची गर्दी उलटी दिसेल. बोट काढलं की पाती मिटतात. एवढं झालं की सर्किट जिवंत आहे, असं धरायला हरकत नाही. मोकळ्या उजेडातही पाती उघडीच राहिली, किंवा झाकलेल्या खिडकीलाही झटकन मिटली, तर कॅमेरा खाली ठेवा.

टॉर्च लेन्ससाठी. रिंग 'बी'वर ठेवून पाती उघडी धरा आणि मागून तिरका झोत टाका. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, तिचं काही वाटून घेऊ नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोवळी असेल तर साफ होते. जुनी असेल तर पुसल्यावरही काचेवर तिचा माग राहतो.

३. चामड्याचं केस आधी काढा.

बहुतेक कॅमेरे त्यांच्या मूळ तपकिरी केससकट मिळतात आणि ते केस सुंदर असतं. कॅमेरा मात्र त्यात ठेवू नका. चामडं ओलावा धरून ठेवतं आणि बुरशीला खाद्यही पुरवतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बंद केसमधल्या लेन्सला बुरशी लागायला एक मोसम पुरतो. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावा. त्याहून खूप कोरडंही चांगलं नाही.

४. सेलचा प्रश्न नीट समजून घ्या.

या कॅमेऱ्यांची मापकं पाऱ्याच्या सेलवर बेतलेली होती. कॅनोनेटला १.३५ व्होल्टचा बटण सेल, इलेक्ट्रो ३५ ला ५.६ व्होल्टचा जाड सेल. पाऱ्याच्या सेलचा मोठा गुण असा, की संपत येईपर्यंत त्याचा दाब जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून कंपन्यांनी दाब स्थिर ठेवण्यासाठी वेगळं सर्किट बसवलंच नाही.

नव्वदच्या दशकात बऱ्याच देशांनी हे सेल बंद केले, आणि पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा जागतिक करार २०१३ साली झाला तो जपानच्याच कुमामोतोत. त्याला नाव दिलं ते मिनामाता गावाचं. तिथल्या खाडीत कारखान्याने सोडलेल्या पाऱ्याच्या संयुगाने मासे विषारी झाले, ते खाणारे कोळी आणि त्यांची मुलं कायमची अपंग झाली. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला छायाचित्रकार युजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ तिथे राहिले आणि त्या कुटुंबांचे फोटो त्यांनी जगापुढे ठेवले. जुना पाऱ्याचा सेल कुठून तरी मिळवायची धडपड मला म्हणूनच पटत नाही. जुन्या कॅमेऱ्यातून निघाला तर तो घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

पर्याय सोपे आहेत. कॅनोनेटसाठी श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा सेल चालतो, कारण त्याचा दाब मूळच्या जवळचा आहे. वरचा चिकट कागद काढला की तो काही आठवड्यांत संपतो, हे लक्षात ठेवून रोल भरा. साधा १.५ व्होल्टचा सेल घातला तर मापक चुकतं. इलेक्ट्रो ३५ अधिक सोशिक आहे. ६ व्होल्टचा छोटा अल्कलाइन सेल आणि जागा भरायला एक अडॅप्टर, एवढ्यावर तो नीट मोजतो.

सेलच्या खाचेत हिरवट-पांढरी पूड दिसली तर कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसा, मग स्पिरिटने, आणि पूर्ण वाळू द्या.

५. फोमला घाई चालत नाही.

मागचं दार जिथे बसतं त्या बारीक खाचांत उजेड अडवायला फोम असतो. पन्नास वर्षांत त्याचं डांबर होतं. बोट लागलं की काळं आणि चिकट, आणि ते डांबर शटरच्या पात्यांवर गेलं तर नवंच काम उभं राहतं. म्हणून पहिल्यांदा पात्यांकडची मोकळी जागा कागदाने झाका. दातकोरण्याचं टोक तिरकं कापून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि खाच थोडी थोडी खरवडत जा, दर वेळी काडी पुसून. लोखंडी टोक वापरू नका, रंग निघतो आणि उघड्या धातूवरून उजेड परावर्तित होतो. खाच कोरी झाली की त्यात विणकामाची काळी लोकर बसवा. तुळशीबागेतल्या लोकरीचा एक गुंडा कितीतरी कॅमेऱ्यांना पुरतो. बिजागरीच्या बाजूला मात्र लोकर नको, काळ्या फेल्टची पट्टी हवी.

६. रोल पुढे सरकवताना कान द्या.

तब्येत चांगली असेल तर इलेक्ट्रो ३५ चा लिव्हर ओढताना आतून एक स्पष्ट 'टक' येतो. तो येत नसेल, तर आतल्या दांड्यावरची रबराची इवलीशी गादी झिजली आहे असं समजा. या मॉडेलचं हे ठरलेलं दुखणं. गादी गेली की शटरच्या वेळा बिघडतात, बहुधा फोटो जास्त उजळ येतात. नवी गादी बसवायला कॅमेरा पुढून-वरून उघडावा लागतो आणि आतल्या नाजूक तारांवर हात चालतो. डाग द्यायची सवय नसेल तर हे काम कारागिराकडे द्या. फोर्टातले एक काका माझ्यासाठी हे करतात, आणि करताना मला शेजारी बसू देतात.

७. दुहेरी प्रतिमेच्या आरशाला स्पिरिट लावू नका.

वरचं झाकण काढल्यावर तो पिवळसर आरसा समोर येतो. त्याचा मुलामा इतका पातळ, की पुसताना कापडावर येतो आणि मग चौकट कायमची नाहीशी होते. फुग्याने हवा मारा, बाजूच्या साध्या काचा पुसा, तेवढ्यानेही चौकट बरीच उजळते. मग गच्चीवर जा. पुण्यात असाल तर सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा यासाठी उत्तम. रिंग अनंतावर टेकवली की दोन मनोऱ्यांचा एक व्हायला हवा. होत नसेल तर समायोजनाचा स्क्रू एका वेळी केसाएवढा फिरवा.

८. पाती चिकटली म्हणून तेल घालू नका. कॅनोनेटमध्ये पाती चिकटणं हमखास आढळतं. पाती कोरडीच चालतात. मंद झाली असतील तर लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचा एखादा थेंब, वाट बघणं, पुन्हा एखादा थेंब.

९. पहिला रोल लग्नाला नेऊ नका.

साधा २०० आयएसओचा रोल भरा आणि एकेक गोष्ट तपासा: जवळची वस्तू पूर्ण उघड्या छिद्रावर, लांबची, भर उन्हातली, रात्रीच्या दिव्याखालची. प्रत्येक फ्रेमला छिद्र आणि उजेड वहीत टिपा. रोल धुऊन आला की प्रिंटकडे नाही, निगेटिव्हकडे बघा. कडेच्या छिद्रांपासून चित्रात उतरणारे काळे पट्टे म्हणजे लोकर कुठेतरी अपुरी बसली आहे. सगळ्याच फ्रेम दाट असतील तर सहाव्या मुद्द्याकडे परत जा. फोकस सगळीकडे सारखाच पुढे किंवा मागे असेल तर पुन्हा गच्ची.