रेझिनचा नंदी : अंदाज नको, वजन करा

मैत्रिणींनो, जत्रेतल्या स्टॉलवर रेझिनच्या चकचकीत मूर्ती आणि की-चेन पाहून बैठकीत बऱ्याच जणी विचारतात, "ताई, हे आपल्याला घरी जमेल का?" जमतं. पण माझे पहिले आठ नंदी आजही फळीवर पडून आहेत. वर्ष झालं तरी हात लावला की बोटाला चिकटतात. गटातून घेतलेल्या अंतर्गत कर्जाचा पहिला हप्ता मला शिलाईच्या पैशातून भरावा लागला.

चूक एकच झाली. लवकर घट्ट व्हावं म्हणून मी हार्डनर अंदाजाने जास्त घातला. विरजण थोडं जास्त पडलं तर दही लवकर लागतं. रेझिनचं तसं नाही. रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांत जुळतात. एक जास्त झाला की उरलेला भाग मऊ, चिकट राहतो आणि मग काही केल्या सुधारत नाही. म्हणून पहिली खरेदी रेझिनची नको, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्याची करा.

आधी नमुना

सुरुवातीला बसलेला नंदी करा. त्याचा तळ सपाट असतो, त्यामुळे एकाच तुकड्याचा साचा पुरतो. शाडूचा नमुना स्वतः घडवा. दुकानातली मूर्ती आणून तिचा साचा काढू नका. ती दुसऱ्याची कला आहे. शिंगं डोक्याला लागून ठेवा, सुटी बारीक शिंगं साच्यातून काढताना मोडतात. नमुना पूर्ण वाळला की वार्निशचे दोन हात द्या, तेही वाळू द्या आणि वर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा.

साचा

1. गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर नमुना चिकटवा. चारही बाजूंनी आणि वरून एक सेंटीमीटर जागा राहील असं खोकं करा. फटी चिकटपट्टीने बंद करा.
2. सिलिकॉन किती लागेल? खोक्यात नमुन्याभोवती कोरडे तांदूळ भरा आणि ते मापाच्या ग्लासात ओता. जितके मिलिलिटर भरतील त्याला 1.2 ने गुणा, म्हणजे ग्रॅम मिळतात. हे तांदूळ परत रांधायला घेऊ नका.
3. नवख्या हाताला थोडा हार्डनर लागणारं सिलिकॉन बरं. शंभर ग्रॅमला हार्डनर किती ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढाच वजन करून घ्या.
4. सावकाश ढवळा. आधी ब्रशने नमुन्यावर पातळ थर द्या, म्हणजे डोळे-शिंगांत हवा अडकत नाही. मग एकाच कोपऱ्यातून बारीक धारेने ओता.
5. रात्रभर हलवू नका. साचा निघाल्यावर एक-दोन दिवस उघडा ठेवा, मगच वापरा.

रेझिन ओतताना

रिकाम्या साच्याचं वजन करा, मग त्यात पाणी भरून परत करा. समजा पाणी 40 ग्रॅम भरलं. रेझिन पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून 1.1 ने गुणा : 44 ग्रॅम. डब्यावर वजनाने दोनास एक प्रमाण असेल तर 30 ग्रॅम रेझिन आणि 15 ग्रॅम हार्डनर घ्या. प्रमाण वजनाने दिलंय की मापाने, ते नीट वाचा. दोन्ही सारखं नसतं.

साचा पूर्ण कोरडा करा. थेंबभर पाण्यानेही रेझिन दुधाळ होतं. तीन ते पाच मिनिटं सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत राहा. रंग रेझिनचाच घ्या, पाण्यात कालवायचा नको. आधी काडीने शिंगांच्या खाचांत रेझिन सोडा, मग बाकीचं ओता. चोवीस तास झाकून ठेवा. भर पावसाळ्यात दमट हवेने वरचा थर चिकट होऊ शकतो, तेव्हा कोरडा दिवस बघा. खूप रेझिन एकाच भांड्यात कालवून ठेवू नका. ते तापतं, पिवळं पडतं, धूरही येतो.

जिवाची काळजी

- नायट्राइलचे हातमोजे घाला. अंगावर सांडलं तर साबण-पाण्याने धुवा, थिनरने नाही. या रेझिनची ॲलर्जी एकदा बसली की बहुधा जन्माची सोबत करते.
- काम ओसरीत, वारा खेळेल तिथे करा. चुलीजवळ नको, लेकरं जवळ नकोत.
- भांडी, चमचे वेगळे ठेवा, स्वयंपाकाला परत आणू नका. रेझिनच्या ताटल्या-पेले जेवायला करू नका.
- घासताना ओलं करून घासा आणि मास्क लावा.
- उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका. भांड्यातच घट्ट होऊ द्या.
- विसर्जनाचा गणपती यात करू नका. रेझिन पाण्यात विरघळत नाही. विसर्जनाला शाडूच.

हिशोब

समजा साच्याला 450 रुपये लागले आणि त्यातून 30 नंदी निघाले : नंदीमागे 15 रुपये. रेझिन 800 रुपये किलो धरलं तर 45 ग्रॅमचे 36 रुपये. रंग, हातमोजे, पिशवी 9 रुपये. आपली मजुरी 30 रुपये. झाले 90. दहात एक नंदी बिघडतोच असं धरा. म्हणजे 900 रुपयांचा खर्च नऊ नंदींतून काढायचा, एकाला 100 रुपये. त्याखाली विकला तर आपण पदरचं घालतोय. आकडे आपल्या बाजारभावाने बदला, पण मजुरी आणि बिघाड गाळू नका. बायकांच्या हिशोबातून नेमकं हेच गळतं.

म्हणून आधी छोटा डबा आणा, पाच नंदी करा, आठवडाभर ठेवून बघा. चिकटले नाहीत, शेजारणीने पैसे देऊन घेतले, तर ते पाचही नंदी आणि हिशोबाची वही घेऊन गटाच्या बैठकीत या. मग कर्ज मागा. तेव्हा हप्ता नंदीच भरतील.